नाव बाजूला ठेवून आलेला बँड

सुपरग्रुप हा प्रकार मला फारसा पटत नाही, हे आधीच सांगून टाकतो. चार नावाजलेले लोक, चौघांचे आपापले बँड, मधल्या मोकळ्या वेळात एकत्र यायचं, एक अल्बम काढायचा, पोस्टरवर प्रत्येकाच्या नावासोबत त्याच्या जुन्या बँडचं नाव छापायचं, दोन उन्हाळे युरोपातले फेस्टिवल करायचे आणि मग जो तो आपापल्या घरी. ऐकायला वाईट नसतं, पण त्यात कुणाचं काही पणाला लागलेलं नसतं. चौघेही उत्तम वाजवतात आणि तरी गाणं उभंच राहत नाही असं बरेचदा होतं, कारण बँड नुसत्या हाताच्या तयारीवर चालत नाही, एकमेकांच्या सवयी अंगात मुरलेल्या असाव्या लागतात आणि त्या मुरायला वर्षं जातात, भांडणं होतात, एकाच बसमधून कंटाळा येईस्तोवर फिरावं लागतं.

तरी एक बँड असा आहे की ज्याच्याबद्दल मी कुणाशीही तासभर वाद घालायला तयार असतो. हेवन अँड हेल. २००६ ते २०१०, बस एवढंच आयुष्य. गिटारवर टोनी आयोमी, बास गिटारवर गीझर बटलर, ड्रम्सवर विनी अपिसी आणि गायला रॉनी जेम्स डिओ.

ज्यांना हेवी मेटल माहितीये ते लगेच म्हणतील की अरे, ही तर ब्लॅक सॅबथ या जुन्या इंग्लिश मेटल बँडचीच १९८१ ची मंडळी, यात सुपरग्रुप कसला? बरोबर आहे. आणि मला जे सांगायचंय ते तिथूनच सुरू होतं. हे चौघे ब्लॅक सॅबथ या नावाने बाहेर पडू शकले असते. जगातल्या सगळ्यात मोठ्या मेटल नावांपैकी एक नाव हाताशी होतं, त्यावर तिकिटं आपोआप खपली असती. त्यांनी ते नाव घेतलं नाही. स्वतःच्याच एका जुन्या अल्बमचं नाव बँडला दिलं आणि नव्याने सुरुवात केली, आणि ती सुद्धा अशा वयात की जेव्हा बहुतेक लोक जुन्या नावाच्या व्याजावर जगत असतात.

आयोमीची गोष्ट मेटल ऐकणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते, तरी सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं नीट लागणार नाही. बर्मिंगहॅमचा पोरगा, वय १७, पत्र्याच्या कारखान्यात कामाला, आणि त्या नोकरीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. डॉक्टर म्हणाले गिटार विसर. मग कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड आणून ऐकवली, की बघ, या माणसाची दोन बोटं आगीत निकामी झाली आणि तरी हा असा वाजवतो. आयोमीने भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवली, त्यातून स्वतःच्या बोटांसाठी टोप्या केल्या, वर चामड्याचे तुकडे चिकटवले. नेहमीच्या तारा दुखायच्या म्हणून बँजोच्या पातळ तारा चढवल्या, आणि पुढे काही वर्षांनी तारा अजून सैल करून सूरच खाली आणला. आज जगभर पोरं मेटलचा जड आवाज म्हणून जे काही वाजवतात त्यातला मोठा भाग या सैल केलेल्या तारांमधून आलाय. दुखऱ्या बोटांना सोपं जावं म्हणून काढलेली वाट होती ती.

गीझर त्याच भागातला, हिशेबाचं काम शिकत होता, मूळचा गिटारवाला, बँडसाठी बासकडे वळला. म्हणूनच त्याचा बास गिटारवाल्यासारखा वाजतो. आयोमी तार ओढतो तेव्हा गीझरही खाली तार ओढतो, दोघांचा सूर एकदमच वाकतो. ही गोष्ट कागदावर लिहून देता येत नाही आणि दोन अनोळखी माणसांना सांगून जमत नाही.

आणि डिओ. तो यांच्यापेक्षा वयानेही मोठा, १९४२ चा जन्म, अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्टलंड नावाच्या छोट्या गावात वाढलेला, इटालियन घरातला. लहानपणापासून ट्रम्पेट वाजवायचा आणि गाणं कुणाकडे असं शिकलाच नाही, तो स्वतः म्हणायचा की श्वास कुठून घ्यायचा आणि कसा सोडायचा हे त्या ट्रम्पेटमुळे आलं. शाळेत असल्यापासून बँडमध्ये, मग एल्फ, मग १९७५ पासून गिटारवाल्या रिची ब्लॅकमोरसोबत रेनबो. म्हणजे १९७९ ला मूळ गायक ऑझी ऑसबर्नला सॅबथमधून काढलं आणि डिओ आला तेव्हा त्याच्या पाठीशी वीसेक वर्षांचं गाणं होतं. आपण त्याला नवा गायक म्हणतो, पण त्या खोलीत सगळ्यात मुरलेला माणूस तोच होता.

मेटलच्या कॉन्सर्टला सगळे हाताची दोन बोटं वर करून जी शिंगं दाखवतात ना, ती सुद्धा डिओमुळेच सगळीकडे पसरली. त्याची इटालियन आजी दृष्ट लागू नये म्हणून तसा हात करायची. ऑझी दोन बोटांनी शांतीची खूण करायचा, तीच आपण कशी करायची, म्हणून डिओने आजीची खूण उचलली. मला हे फार आवडतं. लोक तिला सैतानाची खूण म्हणून घाबरतात, आणि ती निघाली एका आजीची, नातवाला वाईटापासून जपणारी. आपल्याकडे मीठमोहऱ्या ओवाळणाऱ्या आज्यांना हे लगेच कळलं असतं.

तर १९८० मध्ये हेवन अँड हेल हा अल्बम आला आणि संपत चाललेला बँड पुन्हा उभा राहिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, दौरा चालू असताना, ड्रमर बिल वॉर्ड निघून गेला आणि ब्रुकलिनच्या विनी अपिसीला बोलावलं. पोरगा बावीस वर्षांचा. पहिला शो थेट होनोलुलूच्या स्टेडियममध्ये, तयारीला जेमतेम काही दिवस. १९८१ ला मॉब रूल्स आला. आणि १९८२ ला सगळं फुटलं. कशावरून, तर लाइव्ह अल्बमचं मिक्सिंग. आरोप असा की डिओ आणि विनी गुपचूप स्टुडिओत जाऊन गायकाचा आणि ड्रम्सचा आवाज वाढवून येतात. समोरासमोर बसून कुणी विचारलंच नाही, निरोप मधल्या लोकांमार्फत जात राहिले आणि एवढा चांगला बँड त्यात गेला.

दहा वर्षांनी पुन्हा जमले. १९९२ ला डीह्यूमनायझर केला, कडक अल्बम, चिडलेला. आणि त्याच वर्षी पुन्हा मोडलं. ऑझीने तेव्हा आपण थांबतोय असं जाहीर केलं होतं, त्याचे शेवटचे म्हणून ठरलेले दोन शो कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसाला होते आणि त्यात सॅबथने आधी वाजवायचं असं ठरलं. डिओ म्हणाला, मी नाही. जो माणूस या बँडमधून गेला त्याच्या निरोपाला मी आधी गाऊन जागा तापवून द्यायची हे मला जमणार नाही. बाकीच्यांनी होकार दिलेला. मग त्या दोन रात्री जुडास प्रीस्ट या बँडच्या रॉब हॅलफर्डने गाऊन वेळ निभावली आणि डिओ निघून गेला, पाठोपाठ विनीही. याला कुणी अहंकार म्हणतं. मी म्हणत नाही. आपल्या कामाची किंमत आपणच ठेवली नाही तर दुसरं कोण ठेवणार, आणि त्या दोन रात्रींमध्ये खरा प्रश्न हाच होता की डिओची सॅबथ ही खरी सॅबथ आहे की ऑझी परत येईपर्यंतची सोय आहे.

हा प्रश्न चौदा वर्षं तसाच पडून राहिला. मधल्या काळात ऑझीसकट सॅबथचे मूळ चौघे एकत्र आले, मोठमोठे दौरे झाले आणि डिओच्या काळातली गाणी जणू कधी झालीच नव्हती असं चित्र तयार झालं. आमच्याकडे तर विचारूच नका. कॉलेजच्या दिवसांत जी कॅसेट मिळायची, जी गाणी मुंबई-पुण्याचे कॉलेजचे बँड स्टेजवर वाजवायचे, त्यात सॅबथ म्हणजे ऑझीची चारपाच गाणी. मुंबईच्या रंगभवनला आय-रॉक हा रॉक फेस्टिवल व्हायचा त्या काळातली काळ्या टीशर्टातली गर्दी पाहिलेला माझा एक मित्र आहे, तो मला म्हणाला होता की डिओ आम्हाला वेगळाच भेटला, त्याच्या स्वतःच्या बँडमधून, आणि हा माणूस सॅबथमध्ये होता हे आम्हाला फार उशिरा कळलं. माझंही तसंच झालं.

२००६ मध्ये रेकॉर्ड कंपनीने डिओच्या काळातल्या सॅबथच्या गाण्यांचा एक संग्रह काढायचं ठरवलं. त्यात एखादं नवीन गाणं टाकावं म्हणून आयोमी आणि डिओ भेटले. एकाची तीन झाली. आधी बिल वॉर्ड येणार होता, तो मागे हटला, मग विनी आला. तीन गाणी झाली तर दौरा करूया असं ठरलं, आणि तेव्हा नावाचा विषय निघाला.

आयोमीचं म्हणणं साधं होतं. ब्लॅक सॅबथ म्हटलं की लोक ऑझीला शोधत येणार, ऑझीसकट मूळ चौघांना त्याच वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला होता, मग उगाच गोंधळ नको. पण नाव बदलल्यामुळे अजून एक गोष्ट झाली आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी. ब्लॅक सॅबथ नावाचा बोर्ड लागला असता तर पॅरानॉइड आणि आयर्न मॅन ही ऑझीच्या काळातली गाणी वाजवावीच लागली असती, लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले असते नाहीतर. नाव नाही म्हटल्यावर ती सक्तीच गेली. २००७ च्या मार्चमध्ये कॅनडातून दौरा सुरू झाला आणि त्यात ऑझीच्या काळातलं एकही गाणं नव्हतं. एकही नाही. दोन तास फक्त या चौघांचं स्वतःचं काम. १९९२ ला डिओने जो प्रश्न विचारला होता त्याचं उत्तर त्याला सेटलिस्टमधून, म्हणजे शोच्या गाण्यांच्या यादीतून मिळालं, आणि तेही आयोमीच्या हातून, म्हणून मला त्याचं एवढं मोल वाटतं.

३० मार्च २००७ चा न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलचा शो रेकॉर्ड झालेला आहे. तो बघा. मी किती वेळा बघितलाय त्याची मोजदाद नाही. हेवन अँड हेल हे गाणं अल्बमवर सातेक मिनिटांचं आहे, इथे ते पंधरा मिनिटांच्या आसपास चालतं. कडवं सुरू झालं की आयोमी जवळजवळ बाजूला होतो. खाली फक्त गीझरचा बास, एकाच ठिकाणी ठाम चालणारा, आणि विनीचा ठोका. एवढ्याशा आधारावर डिओ गातो. आयोमी मध्येच एखादा सूर लांबून आत सोडतो आणि पुन्हा थांबतो. मेटलमध्ये गिटारवाला गप्प उभा आहे, हात तारांवर आहेत आणि वाजवत नाहीये, हे दृश्य किती दुर्मिळ आहे हे गिटार वाजवणाऱ्याला विचारा. तो गप्प बसतो म्हणून मग रिफ, म्हणजे गिटारचा तो पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, परत येतो तेव्हा छातीवर येतो.

मी स्वतः थोडाफार बास वाजवतो. हौशी, मित्रांबरोबर, आमचं कोथरूडला तासावर भाड्याने मिळणाऱ्या एका जॅमरूममध्ये जमणं असतं, भिंतींना काळा फोम, एसी चालू केला की अँपमधून घूं असा आवाज, दाराबाहेर पुढच्या स्लॉटची पोरं चपला काढून बसलेली. आमच्यात एकाने आणलं बायबल ब्लॅक, हेवन अँड हेलच्या अल्बममधलं, की हे बसवूया, सोपं आहे, संथ आहे. नोटा खरंच सोप्या आहेत. एका संध्याकाळी सगळ्यांच्या हातात बसल्या. पण गाणं काही केल्या तसं वाजेना. दोन ओळी झाल्या की लय पळायची. मुद्दाम कुणी पळवत नव्हतं, हळूहळू सगळेच चढायचे, आणि तिसऱ्या कडव्याला ते गाणं दुसरंच काहीतरी व्हायचं. मग ड्रमरने कानात लय मोजणारा क्लिक लावला तर लय सरळ राहिली पण गाणं मेलं.

आमचा ड्रमर या सगळ्यात शहाणा, त्याने घरी जाऊन विनीचा व्हिडिओ आवाज बंद करून नुसता पाहिला. पुढच्या वेळी येऊन म्हणाला, अरे, तो स्नेअरवर, म्हणजे समोरच्या ड्रमवर, मारायच्या आधी हात पूर्ण वर नेतो, खांद्याच्याही वर, आणि मग खाली आणतो. आपण मनगटातून मारतो, म्हणून ठोका लवकर येतो. त्याचा हात वर जाऊन येईपर्यंत वेळ भरतोच, त्याला थांबावं लागतच नाही. त्याने तसं वाजवून बघितलं. पहिल्या दोन ठोक्यांतच खोलीतला फरक कळला. माझा उजवा हात आपोआप उशिरा पडायला लागला, गिटारवाल्याची मान खाली गेली. पूर्ण गाणं तसं आलं असं म्हणणार नाही मी, पण मधली एक मिनिटभराची जागा अशी आली की संपल्यावर आम्ही कुणी लगेच बोललो नाही, तेच पुन्हा सुरू केलं.

तेव्हापासून मी हा अल्बम वेगळ्या कानाने ऐकतो. द डेव्हिल यू नो, एप्रिल २००९. गाणी डिओच्या लॉस एंजेलिसच्या घरी बांधली, आणि रेकॉर्डिंगला वेल्समध्ये मॉनमथजवळच्या रॉकफील्ड स्टुडिओत गेले. रॉकफील्ड म्हणजे मूळचं दुभत्या गुरांचं फार्म, दोन भावांनी त्याचा स्टुडिओ केला, तिथेच राहायचं, तिथेच जेवायचं, तिथेच वाजवायचं. क्वीनने १९७५ मध्ये आपलं सगळ्यात गाजलेलं गाणं याच जागी सुरू केलं. डीह्यूमनायझर सुद्धा याच फार्मवर झाला होता, म्हणजे जिथे गेल्या खेपेला एकमेकांवर वैतागून काम केलं तिथेच हे लोक पुन्हा आले. आणि त्या तुलनेत या वेळी काम झपाझप झालं. गाणी आधीच पक्की होती, आत जाऊन वाजवायची एवढंच बाकी होतं.

अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या खपाच्या यादीत थेट आठव्या नंबरला आला. नवीन नावाचा बँड, पहिलाच स्टुडिओ अल्बम, आणि गायकाचं वय ६६.

आता या आवाजाबद्दल बोलतो, कारण मी इतकी वर्षं या अल्बमशी बांधलेलो आहे तो त्यासाठीच. १९८० चा डिओ वर जायचा, मोकळा, चकाकता आवाज. २००९ चा डिओ खाली उतरलाय. वरच्या जागा तो निवडून घेतो, प्रत्येक ओळीला वर जात नाही, आणि मधल्या पट्टीत एक जाडी आलीय, एक काळोख आलाय, जो तरुण आवाजात येऊच शकत नाही. बायबल ब्लॅक सुरू होतं ते साध्या अकूस्टिक गिटारवर, डिओ जवळ बसून गोष्ट सांगतोय अशा आवाजात. एका माणसाला एक पुस्तक सापडतं आणि ते त्याला सोडत नाही, एवढीच गोष्ट. मग रिफ येतो आणि तोच आवाज, तेच शब्दांचे उच्चार, कुठेही न ओरडता दुप्पट होतो. ओळ संपता संपता तो शेवटचं अक्षर सोडून देत नाही, त्याला वजन देऊन मगच खाली ठेवतो. आपल्याकडे गाणाऱ्याचा दमसास बघतात ना, तसा इथे बघायला बसा, एका श्वासात किती लांबची ओळ घेतलीय आणि शेवटपर्यंत सूर कुठे हललेला नाही. ६६ व्या वर्षी, आणि मागे एवढा गडगडाट चालू असताना.

मला घरचे विचारतात, चाळिशी उलटली, अजून हे ऐकतोस? त्यांचा राग नसतो, काळजी असते, की हे पोरवयाचं खूळ अजून गेलं कसं नाही. मी त्यांना दोष देत नाही कारण मेटल बाहेरून दिसतं तसंच, केस, काळे कपडे, कवटी, आवाज. पण या संगीताचे विषय बघा. मरण, भीती, देवावरचा संशय, सत्तेचं वेड, आतून पोखरणारी एखादी ओढ. हे विषय विशीतल्या पोराला ऐकीव असतात. तो त्यांच्याबद्दल ओरडू शकतो. साठीतल्या माणसाने आईवडील गेलेले पाहिलेत, मित्र गेलेले पाहिलेत, स्वतःच्या चुका करून बसलाय, त्याला ओरडायची गरज उरत नाही. फॉलो द टिअर्स किंवा शेवटचं ब्रेकिंग इनटू हेवन ऐकताना मला हे फार जाणवतं, की हे संगीत म्हाताऱ्यांकडे जायला हवं होतं आणि तिथे पोचल्यावर ते कसं होतं हे आपल्याला याच लोकांनी ऐकवलं. तोपर्यंत कुणी ऐकवलंच नव्हतं, कारण ही पहिलीच पिढी होती जिने मेटल सुरू केलं आणि जी म्हातारी झाली.

शब्दांचंही एक सांगायचं राहिलं. ऑझीच्या काळात बहुतेक गाणी गीझरच लिहायचा. डिओ आल्यावर ते काम डिओकडे गेलं. ज्याने इतकी वर्षं बँडचे शब्द लिहिले त्याने ते दुसऱ्याच्या हाती देणं हे लहान काम नाही, आणि गीझरने त्याची कधी कुरकुर केल्याचं मी तरी वाचलेलं नाही. बास वाजवत राहिला. या अल्बमवर त्याचा बास इतका पुढे आहे की स्वस्त इअरफोनवर सुद्धा लपत नाही.

३० जुलै २००९, जर्मनीतलं वाकेन. हे पण रेकॉर्ड झालेलं आहे. गाव उत्तर जर्मनीतलं, शेतात भरणारा फेस्टिवल, समोर नजर पोचेल तिथपर्यंत माणसं. डिओला ६७ पूर्ण होऊन वीस दिवस झालेले. हेवन अँड हेल या गाण्याच्या मधल्या जागी अख्खं शेत आयोमीच्या गिटारची धून तोंडाने गातं आणि डिओ दोन्ही हात पसरून नुसता ऐकतो. त्या उन्हाळ्यात त्याला पोटाचा त्रास होत होता, अपचन समजून गोळ्या घेऊन निभावत होता. ऑगस्टच्या शेवटी अटलांटिक सिटीला शो झाला, तो या बँडचा त्याच्यासोबतचा शेवटचा. नोव्हेंबरमध्ये निदान झालं, पोटाचा कॅन्सर. ह्यूस्टनला उपचार सुरू झाले, पुढच्या उन्हाळ्याचा दौरा तरीही ठरलेला होता, मे महिन्यात तो रद्द करावा लागला आणि १६ मे २०१० ला डिओ गेला.

त्याच्या महिनाभर आधी, एप्रिलमध्ये, लॉस एंजेलिसला एका मेटल मासिकाच्या पुरस्कार सोहळ्यात त्याला सर्वोत्तम गायकाचा पुरस्कार मिळाला, याच अल्बमसाठी. तो स्वतः घ्यायला गेला, अंगाने वाळलेला होता, पण उभा राहून बोलला. मला त्या पुरस्काराचं अप्रूप यासाठी आहे की तो जन्मभराच्या सेवेबद्दल वगैरे दिलेला नव्हता. म्हाताऱ्या माणसाला हारतुरे घालून खुर्चीत बसवतात तसला प्रकार नाही. त्या वर्षी सगळ्यात चांगलं कोण गायलं, याचं उत्तर म्हणून दिलेला होता.

जुलै २०१० मध्ये लंडनला व्हिक्टोरिया पार्कात बाकीच्या तिघांनी एक शेवटचा शो केला, डिओच्या आठवणीसाठी. गायला ग्लेन ह्यूज आणि नॉर्वेचा यॉर्न लांडे. पैसे डिओच्या नावाने सुरू झालेल्या कॅन्सर फंडाला गेले. आणि त्यानंतर हे नाव बंद झालं. दुसरा गायक शोधला नाही, कुणाची चाचणी घेतली नाही. सॅबथ या नावाखाली आजवर किती गायक येऊन गेले ते बघा, १९८३ ते १९८७ मध्ये तर माणूस सारखा बदलत होता, आणि तोच आयोमी इथे एकदाही तसं वागला नाही. पुढे त्याला स्वतःला कॅन्सर झाला, उपचार घेत घेत त्याने ऑझी आणि गीझरसोबत सॅबथचा अल्बम केला, बर्मिंगहॅमला निरोपाचा शो केला, ५ जुलै २०२५ ला पुन्हा एकदा तिथल्याच व्हिला पार्क स्टेडियमवर मूळचे चौघे उभे राहिले आणि त्याच महिन्यात ऑझीही गेला. तेव्हा जगभर जे लिहिलं गेलं त्यात डिओच्या वर्षांना एखादी ओळ मिळाली तर मिळाली. स्वाभाविक आहे, दिवस ऑझीचा होता. पण माझ्यासारख्याला राहवत नाही, म्हणून एवढं लिहिलं.

ज्यांनी यातलं काहीच ऐकलेलं नाही त्यांनी सुरुवात अल्बमपासून करू नका, रेडिओ सिटीच्या शोपासून करा, कारण माणसं दिसली की संथ संगीत लवकर उलगडतं. सुरुवातीचा धूर आणि रोषणाई सोडून दिली तरी चालेल. द साइन ऑफ द सदर्न क्रॉस लागलं की मात्र जागेवर बसा, मोबाईल बाजूला ठेवा, आणि आयोमीचा उजवा हात बघा, मधल्या दोन बोटांच्या टोप्या कॅमेऱ्यात अधूनमधून दिसतात. मग अल्बम घ्या, पण मोबाईलच्या स्पीकरवर नको, त्यात गीझर ऐकूच येत नाही. हेडफोन नसतील तर कुणाकडून तरी मागून घ्या. बायबल ब्लॅक आधी, मग अॅटम अँड एव्हिल, आणि ब्रेकिंग इनटू हेवन शेवटी, ते जिथे ठेवलंय तिथेच.